तू आई आहेस की बाई?

वाचकाचे पत्र

आम्ही चोपडा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. चार वर्षांपूर्वी पुण्याची नोकरी सोडून केळीची वडिलोपार्जित शेती पाहण्यासाठी परत आलो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा आहे. मुलगी पुण्यात दुसरीपर्यंत शाळेत जात होती, मुलगा शाळेत कधी गेलाच नाही. मुलांना घरीच शिकवायचे, हा विचार मूळचा माझ्या पतीचा. मलाही तो पटला होता आणि आजही बराचसा पटतो. पण रोज दहा ते एक मी ओसरीवर मुलांना घेऊन बसते, तेव्हा एक धडाही सलग होत नाही. मजुरांचा चहा, पाहुणे, सासऱ्यांचे औषध, सगळे नेमके त्याच वेळी येते. येणारी-जाणारी प्रत्येक बाई ‘पोऱ्यासले शाया नही का?’ असे विचारते आणि सासूबाई माझ्याकडे पाहतात. पती शेतात असतात. मुलगा अजून वाचत नाही, जोडाक्षर आले की उठून पळतो. परवा मी त्याच्यावर ओरडले, तेव्हा त्याने विचारले, ‘तू आत्ता आई आहेस की बाई?’ मला उत्तर देता आले नाही. मुलीची काळजी नाही. ती स्वतःचे स्वतः वाचते, धाकट्याला सांभाळते, भाकरीसुद्धा शिकली आहे. अलीकडे मात्र शेजारच्या मैत्रिणीबरोबर शाळेत जावेसे वाटते, असे म्हणते. हे म्हणतात, चार दिवसांचे खूळ आहे. आम्ही मुलांचे नुकसान तर करत नाही ना, आणि हे कायद्यात बसते का?

– एक आई, चोपडा तालुका

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

सातव्या वर्षी न वाचणारे मूल घरादाराच्या नजरेत येते, त्यामुळे तुमचे बरेचसे पत्र मुलाविषयी असावे, हे स्वाभाविकच आहे. मुलीविषयी तुम्ही थोडक्यात आटोपते घेतले आहे आणि त्याची सुरुवातच ‘मुलीची काळजी नाही’ अशी केली आहे. मला मात्र पत्र वाचताना मुलापेक्षा मुलीचीच काळजी अधिक वाटली. तिच्याविषयी सविस्तर लिहिणारच आहे. पण तुमच्या घराचा दिवस सध्या कसा चालला आहे, हे पाहिल्याशिवाय तिचा प्रश्न उलगडणार नाही, म्हणून आधी त्या दहा ते एकच्या वेळेकडे वळते.

ही वेळ तुम्ही शाळेकडून उसनी घेतली आहे. शेतकऱ्याच्या घरात सकाळी दहा ते दुपारी एक हा बाईमाणसाच्या कामाचा सर्वांत दाटीचा वेळ असतो. मजुरांचा चहा जायचा असतो, शेतावर भाकरी पोहोचवायची असते, कुणी ना कुणी येऊन टेकलेले असते, आणि ओसरी तर घरी येणाऱ्या प्रत्येकाची हक्काची जागा. अशा वेळी, अशा जागी तुम्ही फळा मांडला आणि धडा सलग होत नाही म्हणून स्वतःला दोष देत राहिलात. वास्तविक, तीन तास सलग शिकवलेच पाहिजे, अशी अट तुम्हाला कुणी घातलेली नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. आणि तेही तीस मुलांमागे एक शिक्षक, या हिशेबाने. सरळ भागाकार केला, तर शिक्षकाचे आठ मिनिटांचे लक्ष एका मुलाच्या वाट्याला येते, आणि त्यातच हजेरी, परिपाठ, वह्या तपासणे हे सारे आले. वर्गात शिकणे इतक्या सरळ भागाकाराने होत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मूल शेजारच्या मुलाकडे पाहूनही शिकत असते. तरीही घरी समोर बसलेल्या सात वर्षांच्या मुलाला रोजची चाळीस-पंचेचाळीस मिनिटे आणि अकरा वर्षांच्या मुलीला दीड-दोन तास, त्यांतले निम्मे तिचे तिने करायचे, एवढे पुरेसे होते, हे त्या आकड्यांवरून ध्यानात यावे.

मुलासाठी सकाळी डेअरीत दूध घालून झाल्यानंतरचा अर्धा तास धरा आणि बसायला ओसरी सोडून आतली खोली घ्या. त्या अर्ध्या तासात चहाचे पातेले तुमच्या हाती नसावे, इतकी एकच सोय घरातल्यांकडून मागून घ्या. मुलीच्या अभ्यासासाठी दुपारची वेळ अधिक योग्य वाटते. आपल्याकडे फाल्गुन सरला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते, वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि दोन ते चार सगळे घर आडवे झालेले असते. ती तुमचीही पाठ टेकण्याची वेळ आहे आणि ती तुम्ही सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती वेळ तुमच्या पतींनी घ्यावी.

‘पती शेतात असतात’ हे वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेले नाही. पाऊस पडतो, ऊन पडते, तसे ते लिहिले आहे. मुलांना घरी शिकवायचे हा निर्णय मूळचा त्यांचा, आणि तो पार पाडण्याचे काम मात्र सगळे तुमचे, अशी ही वाटणी झाली आहे. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पुण्याची नोकरी सोडून मातीत उतरणारा माणूस मुलांचा विचार गंभीरपणेच करत असणार. परंतु जो विचार आपल्या दिवसातला एक तासही मागत नाही, त्यावर ठाम राहणे फार सोपे असते. शेतीपंपाची वीज पाळीने येते. रात्रीची पाळी असते तेव्हा ते पहाटे घरी येऊन झोपत असतील आणि दुपारी जागे असतील. दिवसाची पाळी असते तेव्हाही भर उन्हाच्या वेळी पंप सुरू ठेवून जेवायला घरी येत असतील. म्हणजे वीज कशीही आली, तरी दुपारचा एक तास त्यांच्याजवळ आहे. विजेच्या पाळीचा तक्ता भिंतीवर असेलच. त्याच्या शेजारी मुलांच्या अभ्यासाचा तक्ता लावा आणि त्यात त्यांचे नाव त्यांच्याच हाताने लिहून घ्या.

त्यांनी काय शिकवावे, हेही ठरवून टाकावे, म्हणजे ‘आज काय घेऊ?’ हा प्रश्न पुन्हा तुमच्याकडे यायचा नाही. गणित पूर्णपणे त्यांच्याकडे द्या. केळीच्या बागेइतके गणिताचे साधन शोधूनही सापडणार नाही. पाच बाय पाच फुटांवर लागण केली, तर एका झाडाला पंचवीस चौरस फूट जागा लागते. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. मग एकरी किती रोपे मागवायची, आणि ती साधारण १,७४२ येत असतील, तर सहा बाय पाचवर लावल्यास किती कमी होतील, हा भागाकार तुमच्या मुलीने बांधावर उभे राहून करावा. समजा, ४०० घड कापले, घड सरासरी १८ किलोचा भरला आणि क्विंटलला १,२०० रुपये भाव मिळाला, तर ७२ क्विंटलचे ८६,४०० रुपये होतात. त्यातून कापणीची मजुरी आणि वजनातली घट गेली की हाती काय उरते? जाहीर झालेला भाव आणि प्रत्यक्ष पदरात पडलेला भाव यांतला फरक शेकडा किती, हे जिला काढता आले, तिला शेकडेवारीचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही. कागदावरचे गणितही हवेच, पण ते नंतर आणि थोडे. पाठ्यपुस्तकांची चिंता नसावी. बालभारतीची सर्व इयत्तांची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही तिथे आहेत.

इथे एक सावधगिरी सांगून ठेवते, कारण ‘शेत हीच शाळा’ हे वाक्य हल्ली फार प्रेमाने बोलले जाते. मुलाने शेतात जाऊन काही पाहणे, मोजणे, विचारणे वेगळे आणि मजूर कमी पडले म्हणून त्याला हाताशी घेणे वेगळे. दोन्हींमधली रेघ घरातल्या मोठ्यांनाच सांभाळावी लागते, कारण शाळेत जाणाऱ्या मुलाला निदान घंटा तरी सोडवते. फवारणी चालू असताना तर मुले बागेत असूच नयेत, मग ती शिकायला आलेली असोत की खेळायला.

सासूबाईंविषयी थोडेसे. त्या तुमच्याकडे ज्या नजरेने पाहतात, तीत हेटाळणी असेलही. पण तिच्यामागे एक रास्त धास्तीही आहे. नातवंडांना उद्या दाखला कुठला मिळणार, कॉलेजात कसे जाता येणार, लोकांना काय सांगायचे, याचे उत्तर त्यांना घरातून आजवर कुणी नीट दिलेले दिसत नाही. ते उत्तर तुम्ही देऊ नका. सुनेने दिलेले उत्तर उलट बोलणे ठरते. त्यांच्या मुलाने आईजवळ बसून आपला विचार, त्यातले धोके आणि पुढची वाट समजावून सांगावी. ओसरीवर येणाऱ्या बायांना मात्र ‘घरी शिकतात, परीक्षा बाहेरून देतील’ एवढे सांगून विषय बदलावा. सासूबाईंना शिक्षिका करण्याच्या फंदात पडू नका. आजीला आजी राहू द्यावे. श्रावणात घरी कानबाई देवी बसेल, तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू निवडायला सासूबाई बसतील, तेव्हा मुले आपण होऊन त्यांच्याजवळ जातील, गाणी ऐकतील, कोणत्या घराचे रोट किती आणि का, हे विचारतील. त्यातले मुलीला लिहून ठेवावेसे वाटले तर ठेवू द्या. पण त्याचा ‘प्रकल्प’ करू नका.

आता कायद्याचा प्रश्न. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचे शिक्षण मिळावे, हा त्याचा गाभा आहे. त्याच्या दहाव्या कलमात आपल्या पाल्याला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य सांगितले आहे; परंतु हे कर्तव्य न पाळल्यास पालकांना दंड किंवा शिक्षा कायद्यात लिहिलेली नाही, आणि घरी शिकवण्याला त्यात स्पष्ट मान्यताही नाही आणि स्पष्ट मनाईही नाही. तेव्हा तुम्ही गुन्हा करत आहात, असे समजून घाबरण्याचे कारण नाही. मात्र आपल्या बाजूने पूर्ण कायदा उभा आहे, असेही तुमच्या पतींनी समजू नये. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक किंवा अंगणवाडीताई घरी आल्या, तर त्यांच्याशी वाद घालू नये. त्या आपले काम करत असतात, आणि मुले काय शिकतात, हे त्यांना वह्या काढून दाखवणे सर्वांत सोपे असते. गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांशी आपणहून ओळख करून ठेवली, तर आणखी बरे.

पुढच्या परीक्षांची वाट अशी आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तीन पातळ्या आहेत. ‘अ’ पातळी तिसरीच्या, ‘ब’ पाचवीच्या आणि ‘क’ आठवीच्या तोडीची मानली जाते. त्याच संस्थेची दहावी चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर मराठी माध्यमातून देता येते, नोंदणी पाच वर्षे टिकते आणि विषय टप्प्याटप्प्याने सोडवता येतात. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची असेल, तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्याच्या अटी त्या-त्या वर्षी मंडळाकडून पाहून घ्याव्यात. जन्मदाखला, आधार आणि मुलीचा पुण्यातल्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला, एवढे कागद एका पिशवीत आजच काढून ठेवा. हा दाखला आणायचा राहून गेला असेल, तर ते काम पहिल्यांदा करा.

शाळेबाहेर राहिल्याने एक गोष्ट निसटते, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा सरकारी आणि अनुदानित शाळांत येऊन मुलांचे डोळे, कान, दात, वजन तपासते. दहाव्या वर्षाचा टीडीचा, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसीचा, डोसही अनेकदा शाळेतच दिला जातो. तुमच्या दोन्ही मुलांची ही तपासणी आजवर हुकली असणार. आशाताईंना विचारून मुलीचा टीडीचा डोस राहिला आहे का, ते पाहा आणि मुलाला ग्रामीण रुग्णालयात नेऊन त्याची नजर आणि ऐकणे तपासून घ्या. न वाचणाऱ्या मुलाच्या बाबतीत बाकी सगळे उपाय या तपासणीनंतर करायचे असतात.

तपासणीत काही निघाले नाही, तर सातव्या वर्षी न वाचणे ही घाबरण्याची गोष्ट नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, आणि समजून वाचता येण्याचे उद्दिष्ट तिसरीच्या अखेरीचे ठेवले आहे. तुमचा मुलगा शाळेत असता, तर आज दुसरीत असता. त्याच्या अडण्याचे एक कारण तुमच्या घरातच असावे, असा माझा अंदाज आहे. तो दिवसभर आजी-आजोबांशी, गड्यांशी, गल्लीतल्या पोरांशी अहिराणीत बोलतो. त्याच्या तोंडी ‘शाया’ आणि ‘डोया’ आहे आणि पुस्तकात ‘शाळा’ आणि ‘डोळा’ छापलेला असतो. अक्षर ओळखून त्याने आपल्या बोलीतला शब्द उच्चारला की तुम्ही ‘चूक’ म्हणता, आणि त्याला मात्र आपण बरोबर वाचले, असे वाटत असते. तिथे त्याला थांबवू नका. आधी ‘हो’ म्हणा, मग पुस्तकातला उच्चार तुम्ही एकदा म्हणून दाखवा आणि पुढे जा. त्याने अहिराणीत सांगितलेली गोष्ट, बैलाची, ट्रॅक्टरची, विहिरीतल्या कासवाची, त्याच्याच शब्दांत मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यासमोर ठेवा. स्वतःचे बोलणे कागदावर वाचायला मुलांना कंटाळा येत नाही. जोडाक्षरे काही महिने बाजूला ठेवलीत, तरी चालेल. त्याच्याकडून वाचून घेण्यापेक्षा त्याला वाचून दाखवणे सध्या अधिक गरजेचे आहे, आणि ते रात्री जेवणे झाल्यावर कुणीही करावे. सासरे वर्तमानपत्र वाचत असतील, तर त्यांच्या मांडीवर बसून मथळे ऐकणेसुद्धा त्यात आले. आठवे वर्ष उलटून गेल्यावरही त्याला अक्षर आणि आवाज यांची सांगड घालता येत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात बालविकासाच्या तज्ज्ञांना दाखवावे. तोवर शेजारच्या मुलाशी तुलना मनातही करू नये.

त्याला पळू द्या, पण पळण्यालाही एखादी दिशा असावी. तुमच्या तालुक्यात अडावदजवळ उनपदेवचे गरम पाण्याचे झरे आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीतून ऊन पाणी का येते, हे तिथे हात बुडवून त्याने विचारावे. पाणी खोलवर मुरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि खडकातल्या भेगांतून वर येते, एवढे उत्तर त्याच्या वयाला पुरते. एखाद्या सुट्टीत चाळीसगावजवळच्या पाटणादेवीलाही जाता येईल. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांच्या नातवाने तेराव्या शतकाच्या आरंभी तिथे मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे. गणित शिकवणाऱ्या बापाने मुलीला तिथे न्यावे, हे उत्तम.

आता मुलीविषयी. ‘ती स्वतःचे स्वतः वाचते, धाकट्याला सांभाळते, भाकरीसुद्धा शिकली आहे,’ असे तुम्ही लिहिले आहे. हे तुम्ही कौतुकाने लिहिले आहे आणि ते कौतुक खरे आहे. पण जरा तिच्या जागी बसून तिचा दिवस पाहा. तिचा अभ्यास लवकर संपतो, म्हणून उरलेला वेळ घराचा होतो. भाऊ पळून जातो, तेव्हा त्याला शोधायला तिलाच पाठवले जाते. पाहुणे आले की पाण्याचा तांब्या तिच्या हाती येतो. तुमच्यावर पडलेल्या भारातला जो भाग तुमच्या पतींनी उचलायला हवा होता, तो हळूहळू तिच्याकडे सरकला आहे, आणि ती समजूतदार असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलेला नाही. शाळेत जाणारी तिच्या वयाची मुलगीही घरकाम करतेच; पण तिला दिवसाचे पाच-सहा तास घराबाहेर मिळतात, त्या तासांत ती कुणाची ताई नसते.

दुसरे असे की, पुण्या-मुंबईत मुलांना घरी शिकवणारी कुटुंबे एकमेकांना भेटतात, मुले एकत्र येतात, सहली निघतात. गावात तुमचे एकच घर तसे आहे. शेजारच्या मैत्रिणी संध्याकाळी भेटतात, तेव्हा त्यांच्या गप्पा वर्गातल्या असतात, आणि त्यात तुमच्या मुलीला बोलायला काही नसते. शिवाय, हे तुम्हाला सांगायला नकोच, गावात अकरा-बारा वर्षांच्या मुलीला रोज घराबाहेर पडायला शाळा हेच एक सर्वांना मान्य असलेले कारण असते. आज ती खेळायला जाते; वर्ष-दोन वर्षांत पाळी सुरू झाली की ‘कुठे चाललीस?’ हा प्रश्न सुरू होईल, आणि तो तुम्ही किंवा तुमचे पती विचारणार नाही, तरी गाव विचारेल. त्या वेळी तिच्या हातात दप्तर असणे आणि नसणे यांत फार फरक पडतो. घरी शिकवण्याचे जे फायदे पुस्तकांत सांगतात, ते मुलींच्या बाबतीत मोजताना खेड्यातली ही बाब जमेस धरलेली नसते.

तुमच्या पतींना ते चार दिवसांचे खूळ वाटते. चार दिवसांचे असेल, तर चार दिवस जाऊन पाहू द्यायला हरकत काय? मुलांनी आपल्या मनाप्रमाणे शिकावे म्हणून ज्या घराने शाळा सोडली, त्या घरात मुलीच्या मनाने शाळा मागितली, तर तिला नाही म्हणणे मला समजत नाही. त्यांची शंका पूर्ण निराधार आहे, असे मी म्हणत नाही. गावातल्या शाळेत दोन वर्गांना एक शिक्षक असेल, तुमची मुलगी वर्गाच्या पुढे असल्याने कंटाळेल, पाठांतरावर भर असेल, हे सगळे शक्य आहे. हे धोके तिला सांगा, तिच्याशी मोकळेपणाने बोला आणि मग निर्णय तिच्यावर सोपवा. दुपारचा बापाबरोबरचा गणिताचा तास शाळा सुरू झाल्यावर रविवारी घेता येईल. घरातले शिक्षण त्यामुळे बंद पडत नाही. एक मूल शाळेत आणि एक घरी, अशी विभागणी गावाला विचित्र वाटेल आणि सुरुवातीला तुम्हालाही हरल्यासारखे वाटेल. दोन्ही मुलांसाठी निर्णय एकच असावा, हा हट्ट मात्र धरू नका. त्यांच्या गरजा एक नाहीत.

तुमच्या चिडण्याविषयी वेगळे फारसे लिहिण्यासारखे नाही. दुपारचा तास पतींकडे गेला, ओसरीवरचे तीन तास आतल्या खोलीतल्या अर्ध्या तासावर आले आणि मुलीचा दिवस मोकळा झाला, की त्यातली बरीचशी चिडचिड आपोआप कमी होईल, असे मला वाटते. मुलाच्या त्या प्रश्नाचे उत्तर मात्र द्या. ‘मी आईच आहे आणि आई चिडली होती,’ असे सांगा. सात वर्षांच्या मुलाला ते कळते. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी वही उघडूच नका. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाल तेव्हा तर पुस्तके बरोबर नेऊच नका. वर्षाचे २०० दिवस म्हणजे १६५ दिवस सुट्टी, हेही त्याच अनुसूचीवरून निघते.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. मुलीची इच्छा कायम असेल, तर त्याआधी तिला बरोबर घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे तिला सहावीत बसवायला हवे; मधल्या वर्षांची गुणपत्रिका नाही म्हणून तिला तिसरीत बसवू लागले, तर हे कलम नम्रपणे दाखवा. वयाचा पुरावा अपुरा आहे किंवा प्रवेशाची मुदत संपली, या कारणांनीही प्रवेश नाकारता येत नाही. गावची शाळा पाचवीपर्यंतच असेल आणि पुढच्या गावी जावे लागत असेल, तर अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. त्याचा अर्ज शाळेमार्फतच होतो. दिवाळीच्या सुट्टीत तिच्याशी पुन्हा बोला, आणि तिला नको झाले असेल, तर घरचा दरवाजा उघडाच आहे, हे तिला आधीच सांगून ठेवा. ताई दप्तर घेऊन निघाली की धाकटाही दुसऱ्या दिवशी मागे लागण्याची शक्यता आहे. तेव्हा त्याचाही जन्मदाखला त्याच पिशवीत असू द्या, आणि तो मागे लागलाच, तर त्यालाही दुसरीच्या वर्गात बसवून पाहा.